लांब वाजणारं बीड

जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरी अंथरून माझ्या थोरल्या लेकाने खांदे मांडायला घेतले, तेव्हाच मी ओळखलं की आज या घरात कोणी सुखाने घास गिळणार नाही.

खांदा म्हणजे ट्रकच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणारा तुकडा. गिऱ्हाईक कंपनी त्याला काहीतरी लांबलचक म्हणते. आमच्याकडे जो अवयव दिसतो त्याचंच नाव पडतं. मध्ये गोल भोक, आणि एका बाजूला मनगटाएवढा दांडा बाहेर आलेला. भरलेली गाडी वळणावर कलली की सगळा भार त्या दांड्यावर. तो मोडला तर चाक एकीकडे, गाडी दुसरीकडे, आणि मध्ये जो सापडेल त्याचं नशीब.

आमच्या घराने असलं जोखमीचं कधी ओतलं नव्हतं. सासऱ्यांनी दिव्याचे खांब ओतले, जिन्याचे कठडे ओतले, शिलाई मशीनचे पाय ओतले. आमच्या ह्यांनी गटाराची झाकणं, पंप आणि लेथच्या बैठकी ओतल्या. सगळं एका जागी बसून राहणारं सामान. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते बसून राहायलाच चांगलं. भार टाका, जन्मभर झेलेल. आपटा, की काचेसारखे दोन तुकडे. म्हणून तर ह्यांचं बोलणं असायचं, "आपण बिडाची माणसं. मोडू, पण वाकणार नाही." ते वाक्य त्यांनी फर्म्यात कोरून घेतलं, बिडात ओतलं आणि कारखान्याच्या दारावर ठोकलं. येणारा-जाणारा कौतुकाने वाचतो. कोण कोण मोडलं त्याची पाटी मात्र कोणी लावलेली नाही.

मग ह्यांच्या मागे धाकट्याने विजेची भट्टी आणली, आणि तिच्या पाठोपाठ नवं बीड. वितळलेला रस लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या डोलात, घेताना म्हणे त्यात मॅग्नेशियम घालायचं. डोळे दिपतील असा पांढरा भडका उडतो आणि बिडाचा स्वभाव बदलतो. जुन्या बिडाच्या पोटात काजळीचे पापुद्रे असतात, चीर एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर पळत सुटते. नव्या बिडात त्याच काजळीच्या राईएवढ्या गोळ्या होतात, चिरेला पळायला वाटच मिळत नाही. हे मला नातीने दोनदा समजावून सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा नीट ऐकलं आणि एकदाही पटवून घेतलं नाही.

नात म्हणजे थोरल्याची एकुलती एक. धातूंचं शिकून आली आणि थेट शेडमध्ये शिरली. गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ, म्हणून कामगार तिला घड्याळच म्हणतात. मला पाठीमागे हातोडी म्हणतात. समोर म्हणायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

कारण माझ्या हातोडीने वाजवल्याशिवाय या कारखान्यातून काही बाहेर पडत नाही. ह्यांनी लग्नानंतर तो मान मला दिला, असं लोक सांगतात. खोटं आहे. ह्यांनी पास केलेला एक पंप मी वाजवून बघितला आणि नापास केला, ह्यांनी तो फोडला, आत हवेची पोकळी निघाली. मान मी घेतला.

आता गुडघ्याने दगा दिलाय, शेडचा जिना उतरवत नाही. म्हणून माल माझ्याकडे आला होता. सुट्टीचा दिवस, तपासणीची प्रयोगशाळा बंद, आणि गिऱ्हाइकाचा ट्रक संध्याकाळी दारात उभा राहणार होता.

"बाबा," नात दारातूनच म्हणाली, "तारा कुठे गेल्या?"

थोरल्याने मान वर केली नाही. शेवटचा खांदा ठेवून त्याने चादरीची सुरकुती सारखी केली. मग स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाला, "तिला विचार, कसल्या तारा."

आत थोरली सून काहीतरी ढवळत होती. ढवळणं थांबलं. "बाबा विचारतात, कसल्या तारा."

"त्यांना सांग, शेवटच्या लेडलच्या खांद्यांना मी बांधल्या होत्या त्या."

"तिला सांग, सोडल्या. आईच्या कानाला खुणा दाखवून माल द्यायचा? मग तो कान कसला, ती कॉपी झाली."

आदल्या दिवसापासून बापलेकीचं हे असं चाललं होतं. मीठसुद्धा थोरल्या सुनेमार्फत मागितलं जात होतं.

आदल्या दिवशी शेडमध्ये जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण दोघांनी आपापल्या तोंडाने इतक्यांदा सांगितलंय, की आता त्यांच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक आहे.

थोरला कोळशाच्या भट्टीशेजारी वाढलेला. तिच्या आवाजावरून, ज्वाळेच्या रंगावरून, धुराच्या वासावरून रस कसा उतरणार ते तो सांगायचा. विजेच्या भट्टीला ना ज्वाळा, ना धूर. ती नुसती गुणगुणते. तिच्यासमोर उभं राहिलं की त्याला परक्या घरी जेवायला बसल्यासारखं होतं, काय मागावं आणि किती मागावं, काही कळत नाही. त्यात मुलगी घड्याळ हातात धरून "चला, चला, ओता" करत होती आणि कामगार त्याच्याकडे न बघता तिच्याकडे बघून लेडल उचलत होते. सगळी लेडलं पळापळीत ओतली गेली. शेवटचं लेडल आलं तेव्हा त्याला रसावर मळी दिसली, आणि त्याने हात वर केला.

"थांबा. रस निवळू दे."

हा आमच्या घरचा नियम. सासरे म्हणायचे, घाईचा रस आणि घाईचा जावई, दोन्ही पुढे त्रास देतात. लेडल भरलं की थांबायचं, मळी वर येऊ द्यायची, ती काढायची, मग ओतायचं. तीन पिढ्या आम्ही तसंच करत आलो आणि आमचा माल कधी परत आला नाही.

"बाबा, वेळ चाललाय! मॅग्नेशियम उडून जाईल!"

"उडू दे. मळी येऊ दे वर."

"अहो, हे ते बीड नाही!"

हे तिने अख्ख्या शेडसमोर म्हटलं. ओरडून म्हटलं. थोरल्याने मळी काढायची पळी घेतली आणि सावकाश, एखादा माणूस दाढी करतो तशी, मळी काढली. मळी संपली तरी पळी फिरतच राहिली. ते शेवटचे क्षण मळीसाठी नव्हते. ओरडलेल्या मुलीसाठी होते.

तिने घड्याळ बंद केलं. "हे लेडल मेलं," ती म्हणाली. त्याने ते ओतलं.

आता तोच सगळा माल, सोडलेल्या तारांसकट आणि न सोडलेल्या रागासकट, माझ्या टेबलावर होता.

"वाजव, आई," थोरला म्हणाला.

धाकटा खिडकीपाशी उभा होता. ही ऑर्डर त्याने आणलेली, भट्टीही त्यानेच आणलेली. "आई, सावकाश हं," तो म्हणाला. "घाई नाही."

"मग सारखा ट्रकच्या रस्त्याकडे काय बघतोस?"

मी डोळे मिटले आणि पहिला खांदा वाजवला.

टिंऽऽऽण.

आवाज निघाला तो जाईचना. खोलीतून फिरून परत आला आणि माझ्या दातांत बसला. दुसरा वाजवला, तसाच. तिसरा, तसाच. बारीक, लांब, पोलादासारखा.  बिडाचा असा आवाज मी ओळखते. बीड साच्यात एकाएकी गारठलं की आतून पांढरं पडतं, आणि पांढरं बीड असं लांब वाजतं. वरून देखणं, आतून काच. असा माल मी जन्मभर बाजूला काढलाय, आणि दर वेळी फोडल्यावर तो काचच निघालाय.

मी खडूने फुली मारली. फुलीवर फुली.

आणि मग एकदम: ठण.

आखूड, भरीव, पोटातून आलेला. सासऱ्यांच्या खांबाचा आवाज. ह्यांच्या पंपाचा आवाज. इतक्या परक्यांत घरचं माणूस भेटावं तसं वाटलं. मी बरोबरची खूण केली. पुढेही असे थोडेच निघाले. थोरला मुकाट्याने एकेक उचलून टेबलाच्या दोन टोकांना दोन ढीग करत होता. फुल्यांचा ढीग मोठा झाला. पास झालेले एका हाताच्या कवेत मावतील एवढेच.

"एवढेच?" धाकट्याचा आवाज चिरकला. "आई, अगं, एवढेच पास?"

"मी काय करू? तुझी भट्टी काच ओतते."

थोरला हसला नाही, पण त्याच्या मिशा सैल झाल्या. "मी म्हणत होतो," तो म्हणाला. "गुणगुणणाऱ्याने गाणी म्हणावीत. लोखंड ओतू नये."

"दादा, तू आता बोलू नकोस. तुला हेच हवं होतं."

"मला? माझं नाव आहे काय त्या भट्टीवर? फीत कोणी कापली?"

"आजी," नात मध्येच म्हणाली, "तू पास केलेले उलटे करून बघू?"

"कर. उलटं केल्याने आवाज बदलत नाही."

तिने एकेक खांदा पालथा केला. प्रत्येकाच्या बुडाशी, सहज दिसणार नाही अशा जागी, कानशीने पाडलेली बारीक खाच होती. मग तिने फुल्यांचा ढीग पालथा केला. एकालाही खाच नव्हती.

"तारा सुटतील हे मला माहीत होतं," ती म्हणाली. या वेळी आईमार्फत नाही, थेट. "बाबांना मी पण ओळखते."

"काय आहे ही खाच?" धाकट्याने विचारलं.

"शेवटचं लेडल. जे थांबवून ठेवलं ते." ती माझ्याकडे वळली. पोरीच्या डोळ्यांत विजय असता तर मी तिला तिथेच गप्प केलं असतं. पण तिच्या डोळ्यांत भलतंच काहीतरी होतं. आश्चर्य होतं. "आजी, तुझा कान एकदाही चुकला नाही. एवढ्या ढिगातून मेलेल्या लेडलचा एकूण एक खांदा तू वेगळा काढलास. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त पास केलास."



"म्हणजे आजीला ऐकू येत नाही म्हणतेस?" थोरला कडाडला. रागात तोही थेट बोलला.

"येतं, बाबा. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त येतं. पण ती जुनं बीड शोधत होती आणि तिला जुनंच बीड सापडलं. त्या लेडलमधलं मॅग्नेशियम केव्हाच उडून गेलं होतं. उरलं ते तुमचं नेहमीचं. झाकणाला उत्तम आहे, बाबा. चाकाला नाही."

"आणि हे लांब वाजणारे?"

"गोळ्या झाल्या की बीड तसंच वाजतं. ते पांढरं पडलेलं नाही."

"तुझ्या एका खाचेवर आम्ही विश्वास ठेवायचा, आणि आईच्या सगळ्या जन्मावर नाही?"

धाकटा इतका वेळ एका ढिगाकडून दुसऱ्याकडे नजर फिरवत होता. त्याची ती नजर मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. भावंडांच्या भांडणात मधला लाडू कसा उचलावा, ते तो तेव्हाच शिकला.

"असं करूया," तो म्हणाला, गोड आवाजात. "सगळेच पाठवू. आईचे पास ते आईच्या शब्दावर, हिचे पास ते हिच्या शब्दावर. माल पुरा भरतो, कोणाचा शब्द खाली पडत नाही, घरात शांतता. कंपनी त्यांच्याकडे तपासतेच की थोडेफार."

"सगळे नाही तपासत, काका. मधूनच एखादा उचलतात."

"मग त्यांनी बघावं ना!"

आणि थोरला, जो गेली कित्येक वर्षं धाकट्याने पंखा लाव म्हटलं तर खिडकी उघडायचा, तो म्हणाला, "हे ठीक आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काय चाललंय ते मला त्याच्या पाठीवरून कळतं. सगळे गेले तर काहीच सिद्ध होणार नव्हतं. शेवटचं लेडल मेलं होतं की नव्हतं, हा प्रश्न ट्रकमध्ये बसून निघून जाणार होता. तोही सुटणार होता, आणि त्याच्या हिशेबाने मीही. मला वाचवण्याच्या निमित्ताने तो स्वतःला वाचवत होता, आणि हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

नातीने गळ्यातलं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे खाचेचे गेले तर मीही त्याच ट्रकमधून गेले. मला दुसरीकडे काम आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. कोणाच्या तरी गाडीला हे बसणार आणि मी इथे जेवायला बसणार, ते माझ्याने व्हायचं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी काहीही बोलू शकले असते. बघूया म्हणता आलं असतं. थांबा म्हणता आलं असतं. मी हातोडी उचलली, चादरीवर ठेवली आणि म्हटलं, "वाजवून झालंय. मी एकदाच वाजवते."

स्वयंपाकघरात थोरल्या सुनेने शेगडी बंद केली.

ती या घरात आल्यापासून तिचं एकच वाक्य आहे: आई म्हणतात तेच बरोबर. मला ते ऐकायची इतकी सवय झालेली, की ती बोलतेय हेही मला कळेनासं झालं होतं. तिने ते घड्याळ टेबलावर ठेवल्याचा आवाज ऐकला. हलकासाच झाला, पण तिला कळला. या घरातल्या माणसांचे निर्णय ती भांड्यांच्या आवाजावरूनच ओळखत आलीय. कान काही एकटीलाच नसतात. दोन दिवस ती नवरा आणि मुलगी यांच्यामध्ये मिठाची बरणी होऊन उभी होती. आपण उद्या कोणाला आणि काय सांगायचं, हा प्रश्न तिला पडला. मुलगी गेल्यावर नवरा "तिला सांग" म्हणणार, आणि सांगायला ती नसणार.

ती मागच्या जिन्याने शेडमध्ये उतरली. वर आली तेव्हा तिच्या मागे साचेवाला होता, कोपरापर्यंत ओल्या वाळूने माखलेला, आणि त्याच्या खांद्यावर मोठा घण.

"जेवण गार होतंय," ती म्हणाली. "आईंचा एक मोडा, हिचा एक मोडा. मग जेवा."

"वहिनी!" धाकटा ओरडला. "आधीच माल मोजून मापून आहे, त्यात दोन फोडायचे?"

"तुमच्या ट्रकमध्ये माझी मुलगी बसून जाणार आहे म्हणे. ती कशावर बसतेय ते बघू दे मला."

"तूसुद्धा?" मी म्हटलं.

"मी कोणाच्याच बाजूने नाही, आई. मी जेवणाच्या बाजूने आहे."

साचेवाला हसला आणि लगेच खोकला काढला.

जिना उतरताना मी कोणाचा हात धरला नाही. गुडघा बोंबलत होता. बोंबलू दिला. अंगणात दगडी कठड्याला मोठा व्हाइस पक्का केलेला आहे, त्यात थोरल्याने पहिला खांदा आवळला, दांडा बाहेर राहील असा.

"मोठ्या बाई, कोणाचा आधी?" साचेवाल्याने विचारलं.

"माझा. आणि हात राखून मारलास तर उद्यापासून येऊ नकोस."

त्याने घण मारला. एकच. कसलाही त्रास झाला नाही. ठक्क झालं आणि दांडा अंगणात लोळत गेला, जसा काही तो याचीच वाट बघत होता. थोरल्याने तुकडा उचलला. मोडलेलं तोंड राखाडी-काळं, दाणेदार. असं तोंड मी जन्मभर बघत आले आणि त्याला चांगलं बीड म्हणत आले. ते चांगलंच होतं. त्याला फक्त कधी कोणी चाक धरायला सांगितलं नव्हतं. थोरल्याने त्यावर अंगठा फिरवला. अंगठा काजळीने काळा झाला. त्याने तो बराच वेळ पुसला नाही.

"आता हिचा," थोरली सून म्हणाली.

पहिल्या घावाला घण उडाला. खांदा वाजला, तोच लांब आवाज, उघड्यावरसुद्धा जाईचना. दुसऱ्या घावाला साचेवाल्याचे हात झणझणले, त्याने घण खाली टेकवला आणि तळहातावर थुंकला. "हे काय ओतलंय, घड्याळबाई? हे ऐकत नाही." आणखी एक. आणखी एक. धाकटा प्रत्येक घावाला डोळे मिटत होता. थोरला मात्र मिटत नव्हता. तो जवळ जवळ सरकत चालला होता, इतका, की साचेवाल्याने त्याला कोपराने मागे सारलं.

मग दांडा हलला. मला वाटलं, गेला. गेला नाही. झोपलेल्या माणसाचा हात उशीवरून ओघळावा तसा तो खाली वळला, आणि तिथे थांबला. कुठेही चीर नाही. साचेवाल्याने घण टाकून दिला.

"वाकलं," तो म्हणाला. "बाई, बीड वाकलं."

मी इतकी वर्षं बिडाच्या घरात काढली. बीड फुटताना, तडकताना, सांडताना, उडताना पाहिलंय. माझ्या एका दिराला त्याने भाजून आंधळं केलं, तेही पाहिलंय. वाकताना कधी पाहिलं नव्हतं. मी पुढे होऊन त्या वळणावर हात ठेवला. घावांनी ते कोमट झालं होतं.

कारखान्याच्या दारावरची पाटी तिथून सरळ समोर दिसते. कोणीही तिकडे बघितलं नाही. न बघायचं सगळ्यांनी ठरवलंय, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं.

वर आल्यावर मी टेबलापाशी गेले. खाचेच्या खांद्यांवरच्या माझ्या खुणा तळहाताने पुसल्या. खडू ओल्या हाताने लवकर जातो, कोरड्या हाताने जात नाही, चोळावा लागतो. कोणी मदतीला आलं नाही, ते बरं केलं. मग फुल्या पुसल्या. आणि जिथे फुल्या होत्या तिथे बरोबरची खूण केली, एकेकावर, सगळ्यांवर.

"फोन कर," मी धाकट्याला म्हटलं. "माल कमी भरतोय म्हणून सांग."

"कारण काय सांगू?"

"सांग, म्हातारीने बरोबर ऐकलं आणि उलटं सांगितलं."

"आई, असं कसं सांगू मी? उद्या त्यांना आपल्या तपासणीवर भरवसा राहील का?"

"माझं नाव सांग," थोरला म्हणाला.

तो दारात उभा होता. अंगठा अजून काळाच होता.

"शेवटचं लेडल मी थांबवलं. मुलगी सांगत होती, तरी थांबवलं. सांग, पुढच्या खेपेला भरून देऊ. सांग, थांबवणार नाही."

धाकट्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि फोन घेऊन गच्चीवर गेला. त्याचा आवाज आत येत होता. आधी गोड, मग चाचरत, मग साधा. साधं बोलताना मी त्याला फार दिवसांनी ऐकलं.

थोरली सून ताटं घेऊन आली. थोरला खांदे खाली उतरवून चादरी गोळा करू लागला. टेबलावर एकटं घड्याळ राहिलं. त्याने ते उचललं नाही, सरकवलंही नाही. त्याच्या भोवतीची चादर तेवढी सांभाळून काढली.

"तिला सांग," तो बायकोला म्हणाला, "घड्याळ टेबलावर राहिलंय."

थोरली सून ताट हातात धरून तशीच उभी राहिली. तिने काही सांगितलं नाही. नात दोन पावलांवर होती.

"त्यांना सांग," नात म्हणाली, "घेते."

जेवण गार झालं होतंच. 

ट्रक येऊन माल घेऊन गेला, थोडा कमी भरलेला. नापास झालेले खांदे भिंतीला लावून ठेवलेत, वितळून त्यांची झाकणं होतील. पास झालेल्यांतला एक मी ठेवून घेतला होता, आणि नापासांतला एक. खुर्ची उलटी फिरवून टेबलाकडे पाठ करून बसले.

"पोरी, हातोडी घे. वाजव."

"कोणता?"

"ते सांगितलंस तर मग मी कशाला बसलेय इथे?"

तिने वाजवलं. ठण.

"पास," मी म्हटलं.

 गप्प बसण्याइतकी अक्कल तिला आईकडून आलीय.

"पुन्हा."

टिंऽऽऽण.

"नाप... पास. पुन्हा."

केव्हातरी थोरला येऊन चौकटीला टेकला. त्यालाही चैन नव्हतं. ठण झालं, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "पास." मग त्याच्या मिशा हलल्या, आणि नात इतकी हसली की हातोडी तिच्या हातून टेबलावर पडली. मी नाही हसले. मी म्हटलं, पुन्हा.

आता नवा माल टेबलावर येतो तेव्हा मी चुकत नाही. पण तो आखूड, भरीव आवाज आला, की जिभेवर आधी "पास" येतं. दर वेळी येतं. मी ते गिळते, आणि मग फुली मारते.